कोंडवाड्यातला बूस्टर

टोकावडे,
सोमवार, ६ ऑक्टोबर २००३

आदरणीय धोंडीदाजींना राघोचा नमस्कार (गुडघा धरल्यामुळे साष्टांग कागदावरच समजून घ्यावा).

बूस्टर सापडला. ओढ्यापलीकडच्या गावच्या कोंडवाड्याचे राखणदार बारकू यांनी काल सकाळी नऊ वाजता स्वतः येऊन ही बातमी पक्की केली. सापडला म्हणजे कुठे आहे ते कळले. हातात आलेला नाही.

तुमची प्रकृती ठीक असेलच. जनाताईची कंबर कशी आहे? गणपतीला येऊन गेलात तेव्हा तुमची नवी छत्री एसटीत राहिली, त्याची हळहळ अजून जात नाही. सापडलेली वस्तू हल्ली कोणी परत करत नाही, हे तुमचे म्हणणे मला कालपरवापासून फारच पटू लागले आहे.

तर बूस्टर. माझ्या नववीच्या वर्गातल्या भाविकाने विज्ञान प्रदर्शनासाठी रॉकेट केले. कोल्ड्रिंकच्या बाटल्या, निम्मे पाणी आणि सायकलच्या पंपाने भरलेली हवा. रॉकेटला वर ढकलून देणारा खालचा भाग तो बूस्टर. त्याने पॅराशूटने खाली यायचे आणि पुन्हा उडायचे. (परदेशात तो समुद्रात पडतो आणि जहाजे जाऊन घेऊन येतात. आपल्याकडे समुद्र नाही, ओढ्यापलीकडच्या गोदूचे भात आहे.) शनिवारी परीक्षकांसमोर पहिले उड्डाण झाले. ते इतके खूश झाले की त्यांनी बाटलीवर सह्या केल्या आणि म्हणाले, हाच बूस्टर येत्या शनिवारी पुन्हा उडवून दाखवा, मुलगी जिल्ह्याला जाईल. सह्या झाल्यावर भाविकाने उत्साहाने आणखी एकदा उडवला. तेव्हा वारा सुटला. वरचा भाग कुठे गेला ते अद्याप कोणालाच ठाऊक नाही, आणि त्याची कोणी चौकशीही करत नाही. बूस्टर मात्र सावकाश, ऐटीत ओढा ओलांडून गोदूच्या उभ्या भातात उतरला.

गोदूने त्याला धरून थेट कोंडवाड्यात नेले. मी सोडवायला गेलो तर म्हणाली, "मास्तर, गाय घुसली तं कोंडता ना? मंग ह्याला का सोडायचा? ह्याला काय शिंगा नाय म्हून?" यावर बारकूने तिला वही दाखवली. त्यात वर्णनाच्या रकान्यात लिहिले आहे : रंग हिरवा, शिंगे तीन, शेपूट नाही. (शिंगे म्हणजे पुठ्ठ्याची पाती. त्यातली दोनच उरली आहेत. शेजारी बांधलेल्या बैलाने एक खाल्ले.) नियमाप्रमाणे बूस्टरपुढे सकाळ-संध्याकाळ पेंढा पडतो. भाविका म्हणाली, "बारकूकाका, त्याला चारा नको, हवा पायजे." बारकू म्हणाला, "गप गो. उपाशी ठेवला तं उद्या मालक माज्या नावानं बोंबलंल."

आणि इथेच सगळे अडले आहे. गोदूला दंड नको, पण मालकाने येऊन तोंड दाखवावे म्हणते. मी मालक आहे असे सांगितले, तर बारकू शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमी खोटा बोलू नका. वरच्या कापडावर नाव हाय. ज्याचा नाव, त्यालाच सोडणार." पोरगी कालपासून वेळ मिळाला की कोंडवाड्याच्या फाटकाशी उभी राहून आत बघते. तेवढे एकच दृश्य मला सहन होत नाही.

बाकी क्षेम. जनाताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
राघो

ता. क. पॅराशूटला प्लॅस्टिक टिकत नव्हते. चांगले, घट्ट, काळे कापड हवे होते. ते घरातच मिळाले.

आणखी एक. कापडावर पांढऱ्या ऑइलपेंटने सुबक अक्षरांत नाव आहे : धों. ल. पष्टे, भातसानगर. छत्री एसटीत राहिली असे मी फोनवर म्हणालो, ते अंदाजाने म्हणालो होतो. काड्या आणि मूठ आमच्याकडे सुखरूप आहेत.

शेवटचे. शुक्रवारी सकाळच्या गाडीने, रेशनकार्ड घेऊन यावे. बारकूला नाव जुळवून बघायचे आहे. येताना दुसरी छत्री आणा. परतीच्या पावसाचा रंग दिसतो, आणि तुमची शनिवारी अकरा वाजता पुन्हा उडणार आहे.