आवाजाचा वारस

३ नोव्हेंबर

पुण्याच्या गुंतवणूकदारांचा आज पुन्हा फोन. कंपनीसाठी पैसे उभे करायची ही तिसरी फेरी, आणि दर फेरीला प्रश्न अवघड होत जातो. पहिल्यांदा आंजीच्या बंडूजींनी एवढंच विचारलं — "कोनाचे पोट्टे तुमी?" चहा संपायच्या आत पैसे दिले. नागपूरचे शेठ म्हणाले, "सुनते कितने लोग हैं?" हे पुण्याचे विचारतात — माणूस नसला तरी चालेल का?

चालतंय की. माझ्यासोबत कंपनी काढणारी पौर्णिमा अपघातात गेली त्याला वर्ष झालं. शंभरापर्यंतचे आकडे आणि भाज्यांची नावं तिने एकदाच बोलून ठेवली होती; मशीन ते जोडतं आणि रोज पहाटे भाजीवाल्या शेतकऱ्यांना फोन लावतं. "रामराम जी, मी पौर्णिमा. आज वांगे वीस, टमाटर बारा." आजचे भाव, तिच्या तोंडून! मला ऐकवत नाही. माझा नंबर मी यादीतून कधीच काढला.

८ नोव्हेंबर

बाजारात कुणाचाही फोन वाजला की मान वळते.

११ नोव्हेंबर

वकिलांचा मेल. सगळं कंपनीच्या नावावर हवं — आवाजसुद्धा, कायमचा. त्यावर वारसाची सही. म्हणजे तिच्या आईची, सुमित्राबाईंची. सही नाही तर पैसे नाहीत, आणि येत्या फेब्रुवारीपासून ऑफिसातल्या पोरांचे पगार नाहीत.

काकू नाही म्हणणार नाहीत. भाजी पिकवणं त्यांनी सोडलं, तरी रोजचा फोन शेवटपर्यंत ऐकतात. पुण्याच्या मीटिंगमध्ये हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

१५ नोव्हेंबर

पवनारला जाऊन आलो. काकूंनी चहा केला, कागद न वाचता सही केली. मग हळूच म्हणाल्या, "बाबू, माया नंबर काढशीन का त्यातून?"

मी म्हटलं, तुम्ही तर पूर्ण ऐकता ना?

"मंग काय करू? पोरगी बोलून राह्यली, मी मधातच कट कशी करू?"

आधी काऊन नाही सांगितलं, विचारलं.

"तुले वाईट वाटलं असतं."

घरी येईपर्यंत स्वतःची लाज वाटत होती.

१७ नोव्हेंबर

काल काकूंचा नंबर काढला, तिथे माझा टाकला. आज पहाटे फोन वाजला. "रामराम जी, मी पौर्णिमा." मलाही मध्येच तोडता आला नाही. सहीचा कागद अजून पाठवलेला नाही.