सात जाड झडपांबद्दल खरे काय ते

हे लिहायचे मी कालपासून टाळले. आधी पेन नव्हते, मग पेन होते तर कागद नव्हता, मग माझ्या खोलीतल्या इकबालने बिर्याणी केली. आता उद्या सकाळी नऊला इंजिन सुरू होणार, म्हणून बसलो आहे.

मी, क्लेटन इनास तुस्कानो, वय सव्वीस, राहणार नंदाखाल, तालुका वसई, सध्या मुक्काम इंडस्ट्रियल एरिया, दोहा, पूर्ण शुद्धीत आहे. प्यायलेलो नाही. कुणी धाक घातलेला नाही. धाक त्या इंजिनाचाच आहे. माझ्यामागे पुढीलप्रमाणे करावे.

एक. देह गावी पाठवावा. आईला फोन इकबालने करू नये, तो आधी स्वतःच रडेल. माझी बहीण कॅरिना हिने करावा.

दोन. केळीच्या वाडीतला माझा हिस्सा आईला. तिथे मी एकदाही पाणी घातले नाही. आयटीआय अर्ध्यावर सोडून जामनगर, मस्कत, मग इथे. मस्कतला एक उंट माझा डबा खाऊन गेला होता, पण ते असो.

तीन. मायक्रोमीटर कॅरिनाला. ती म्हणेल, "ह्याने काय भाकरीची जाडी मोजू?" मोज बाई.

चार. गुरुप्रसाद सरांना माझ्याकडून काही नाही. पुण्याचे आहेत, आमच्या वर्कशॉपचे इंजिनिअर. मला सगळ्यांसमोर "अर्धवट" म्हणाले. तो राग मी सोबत नेतो. पण पुढचे त्यांनी नीट वाचावे.

मालकांचे हे विमानाचे इंजिन शंभर वर्षांहून जुने. यात मधला दांडा स्थिर असतो आणि सातही सिलिंडर त्याच्याभोवती गरगर फिरतात. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी झडप पिस्टनच्या डोक्यातच. फिरण्याच्या जोराने ती उघडी पडू नये म्हणून तिला तोलणारी छोटी वजने असतात. मूळ झडपेची दांडी इतकी बारीक की तडकायची. जुन्या इंजिनांचा तो दोषच होता. सर म्हणाले, "नकाशात आहे तशीच कर. डोकं चालवू नकोस." मी चालवले. सातही दांड्या जाड केल्या, कुणाला न सांगता.

आमच्याकडे रीत अशी, की सातही भाग काट्यावर घालायचे आणि एकमेकांशी वजन जुळले की पास. माझे अगदी जुळले. सर पहिल्यांदाच "शाब्बास" म्हणाले. पण तोलाची वजने जुनीच राहिली, हे माझ्या लक्षात काल आले, इंजिन पूर्ण जोडून बंद केल्यावर. झडप जड, तोल हलका. वेग आला की ती मिटणार नाही, आणि जाळ मागे इंजिनाच्या पेट्रोलच्या वाफेने भरलेल्या पेटीत जाईल, की स्फोट. पंखा हाताने फिरवायला समोर मीच.

इकबालला सांगितले. तो म्हणाला, "अरे पागल, जाके बोल दे ना!" बोललो तर खलास, परत पाठवतील. ही पाचवी नोकरी. आईला काय सांगू? म्हणून बोललो नाही. अक्षराला हसू नये.

पाच. इकबाल साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे शेजारच्या खोलीतला पियूष सांगतो. तेव्हा माझी चादर इकबालने आजच न्यावी.

ठिकाण: इंडस्ट्रियल एरिया, दोहा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, दुपार

सही: क्लेटन इ. तुस्कानो
साक्षीदार १: इकबाल (सही केली)
साक्षीदार २: पियूष (येतो म्हणाला आहे)

ता. क. दार वाजले. पियूष नाही. मालकांची मुलगी सलमा आली आहे, सुट्टीच्या दिवशी, हातात कोरे हातमोजे. म्हणते, बाबा हो म्हणाले, उद्या पंखा मीच फिरवणार, यल्ला, चल, कसा धरायचा ते दाखव. इकबाल माझ्याकडे बघतो आहे. तिला मराठी वाचता येत नाही. चौथे कलम, झडपांचे, तोंडानेच सांगावे लागेल. ती आत आली आहे.