घर होईपर्यंत

९ जानेवारी, मंगळवार

आज मी आल्हादला मारलं. नवऱ्याला. लाटण्याने.

दुपारी दोघं बँकेत गेलेलो. खारबावचा वन बीएचके, सव्वीस लाख. पाच वर्षं साठवतोय — माझा शाळेच्या ऑफिसातला पगार सगळा बाजूला, त्याच्या वळ गावच्या गोदामातल्या पगारात घर चालवायचं. होमलोनची फाइल बघणारा मनोज स्क्रीनकडे बघत बोलला, "सरांच्या नावावर चार लोन चालू आहेत. तीन मोबाइल अ‍ॅपची, एक क्रेडिट कार्डाचं. दोन हप्ते चुकलेत. स्कोअर सहाशे एकेचाळीस. यावर काही होणार नाही, मॅडम."

मी आल्हादकडे बघितलं. तो टेबलावरच्या पेनाकडे बघत होता.

घरी येऊन बोलला — रमी. फोनवरची. दोन लाख बारा हजार.

पहिला फटका खांद्यावर बसला. पुढचे मोजले नाहीत. तो ओट्याला टेकून खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर. एकदाही माझा हात धरला नाही. खाली लूमचा कारखाना. दिवसभर खडखडाट. वरचं कोणाला काही ऐकू जात नाही.

१० जानेवारी

हात दुखतोय. माझा.

१४ जानेवारी, रविवार

सॉरी बोलले. रडला तोच. गेम काढून टाकला, सगळे पासवर्ड दिले, एटीएम कार्डही. मनोज बोललाय, जास्त व्याजाचं लोन आधी बंद करा, सहा महिने एकही हप्ता चुकवू नका, मग या.

माझ्या लग्नातल्या पाटल्या उद्या विकणार. आईने केलेल्या. हे लिहिताना परत उठून जाऊन त्याला मारावंसं वाटतंय.

२ मार्च, शनिवार

दोन लोन बंद! तिसऱ्याचे हप्ते वेळेवर.

त्याच्या खिशात बिल सापडलं. तीनशे वीस रुपये, बिर्याणी. "गोदामात सगळे वर्गणी काढत होते. मी एकटा नाही कसं बोलणार?"

पट्टा घेतला, त्याचाच. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला लाइट गेली. खालचे लूम एकदम बंद पडले. त्या शांततेत पट्टा एवढा वाजला की मीच दचकले. शेजारच्या भाभी दारात आल्या. "दीदी, सब ठीक है ना?"

आल्हादनेच उत्तर दिलं. "हां भाभी, गद्दा झटक रहे हैं."

भाभी गेल्या. मला हसू आलं. त्याला नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. नुसती चापट मारलेली. डॉक्टरांना तो बोलला, बाइकवरून पडलो. डॉक्टर ऐकत त्याचं होते, बघत माझ्याकडे होते. फी आणि औषधं मिळून चार हजार दोनशे. घरखर्चात लिहिले.

इथे तरी खरं लिहायचं. त्या दिवशी त्याची काही चूक नव्हती. हप्ता वेळेवर गेलेला, हिशोब बरोबर. शाळेत मुख्याध्यापिका मॅडम मला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. मी घरी आले आणि तो समोर होता.

१६ जून, रविवार

अकलोलीला सासूबाईंकडे. आईंनी त्याला मागून दोनदा हाक मारली, त्याला ऐकू गेलं नाही.  जेवण झाल्यावर त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं.

"किती दिवस मारतेस त्याला?"

मी बोलले, त्याने सांगितलं का तुम्हाला?

"त्याने काय न्हाय सांगितलं. तो दाराकडं तोंड करून बसतो. मी पण तशीच बसायचे, त्याच्या बापाच्या टायमाला."

मी पैशांचं सांगितलं. रमी, लोन, माझ्या पाटल्या, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"चुकला तो. लई चुकला. पण त्याला मी लहानपणीच सांगितलेलं, बायकोवर हात उचलायचा न्हाय. त्याने ऐकलं. तुला कोणी सांगितलंच न्हाय का?"

परत येताना बाइकवर मी त्याच्या कमरेला धरलं. पाठ ताठ झाली त्याची.

२३ जुलै, मंगळवार

सातशे बावन्न! चारही लोन बंद. कार्ड बंद. दोघांचे पगार धरून होमलोन मंजूर होणार.

मनोज बोलला, "सहा महिन्यांत शंभरच्या वर स्कोअर? कसं जमवलंत?"

आल्हाद बोलला, "हिने केलं."

बँकेबाहेर मी त्याला उसाचा रस पाजला. ठरवलं — आता कधी हात उचलायचा नाही. आता कारणच नाही. त्याला सांगितलंही. "बरं," बोलला. ग्लास धुवायला स्वतः गेला, रसवाल्याने नको बोलूनही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दूध उतू गेलं. तो गॅसजवळच उभा होता, आवाज त्याच्या डाव्या बाजूला होता. मी सांडशी फेकून मारली. कपाळावर तीन टाके.

तो दवाखान्यातून येऊन झोपला. मी हिशोबाची वही काढली. जानेवारीपासून एकेक पान बघितलं. त्याची एखादी चूक सापडावी म्हणून. फेब्रुवारीत एकशे दहा रुपयांचा फरक आहे. तो माझ्या बेरजेतला आहे.

१२ ऑगस्ट

तीन दिवस तो फक्त "हो" आणि "बरं" बोलतोय. आधीही तेवढंच बोलत असेल. मी आज मोजलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

रजिस्ट्रेशन झालं. दोघांचे अंगठे, दोघांचे फोटो. कॅमेऱ्यावरची मुलगी बोलली, "सर, केस मागे घ्या, कपाळ दिसू दे." त्याने घेतले. टाक्यांची खूण फोटोत आलीय. घराच्या कागदावर.

चावी घेऊन खारबावला गेलो. तिसरा मजला, बाल्कनीतून शेतं दिसतात, स्टेशनवरची अनाउन्समेंट पुसट ऐकू येते. मी पावलांनी खोली मोजली, पलंग कुठे बसेल ते. तो स्वयंपाकघरात उभा होता. "चांगलं आहे," बोलला. मी विचारलं, भिंतींना कुठला रंग? "तुला आवडेल तो."

इथे खाली लूम नाहीत. अगदी शांत आहे.

१ सप्टेंबर, रविवार

सकाळी आल्हाद बॅग घेऊन निघाला. आईंकडे अकलोलीला. बोलला, "हप्ता दर पाच तारखेला माझ्या खात्यातून जाईल. एकही चुकणार नाही. राहायला तू जा."

मग बॅग खाली ठेवून, डोळे मिटून माझ्यासमोर थांबला. मी मारेन म्हणून. मी मारलं नाही. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, बॅग उचलली आणि गेला.