‘क्वोथ’चं मूळ

१४ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. कोशाच्या कचेरीत मला नवी खुर्ची मिळाली आहे आणि ती जरा हललं की कुरकुरते. तीस वर्षं इथे कुरकुरण्याचा मान एकट्या माझा होता. समोरच्या टेबलावरून आपला दादा म्हणाला, “निदान ती बसू तरी देते.”

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सर्व ठीक. म्हणजे पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.

सध्या इंग्रजी-मराठी कोशाचं ‘क्यू’ अक्षर चालू आहे. ‘क्वोथ’ हे जुनं क्रियापद दादाच्या वाट्याला आलं. अर्थ ‘म्हणाला’. त्याचा वर्तमानकाळ केव्हाच मेला, भूतकाळ तेवढा उरला. संस्कृतातल्या ‘आह’चं, म्हणजे ‘म्हणतो’चं, बरोबर उलट: रूप भूतकाळाचं, अर्थ आजचा. जांभई दे, पण पुढे वाच.

मूळ आहे जुन्या इंग्रजीतलं ‘क्वेथन्’. दादानं शब्दाच्या चिठ्ठीवर मूळ म्हणून लिहिलं, संस्कृत ‘कथ्’.

आवाज जुळला म्हणून नातं जोडणाऱ्याला तो काय म्हणायचा, आठवतं? “नाक सारखं दिसलं म्हणून शेजाऱ्याला बाप म्हणशील का रे?” मी चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. वाचून तो हसला.

“कुणा गाढवानं लिहिलंय हे?”

अक्षर त्याचंच होतं. मी म्हणालो, “माझंच असेल.”

“तरीच.”

आमच्याकडे एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. त्याच्या चिठ्ठ्या मी तपासतो. गेले पाच महिने मी त्या घरी नेतो, त्याच्या वळणात नव्यानं उतरवतो आणि दोन्ही सह्या मीच ठोकतो. परवा त्यातलीच एक पाहून म्हणाला, “बघ, याला म्हणतात काम!” मी मान डोलावली.

संपादकांना सांगितलं तर त्याचं टेबल जाईल. ते टेबल सोडून त्याला दुसरं काही कधी होतं का, तूच सांग.

पण ताई, जुनी इंग्रजी मला त्यानंच शिकवली. मला कळतात तेवढ्या चुका मी पुसतो. ज्या कळत नाहीत, त्या माझ्या सहीनं पुढच्या महिन्यात छापायला जातील. त्याआधी त्याला सांगायला हवं. रोज ठरवतो आणि रोज तसाच घरी येतो. मला त्याच्या तोंडाकडे बघून हे बोलवत नाही. तू ये.

तुझा,
घाबरलेला धाकटा