दातांच्या दवाखान्यात जॅझ, आणि खुर्चीत नाना

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकून). तुमचा रक्तदाब ताळ्यावर आला असेल, ताईंचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि तुमच्या स्वयंपाकघरातली फरशी एकदाची बसली असेल, अशी आशा करतो. फरशीची चौकशी मुद्दाम करतो आहे. तिच्याचपायी तुम्ही आपले सामायिक सासरे, परमपूज्य नाना, चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे पाठवलेत. नानांनी शेजारी उभं राहून दोन फरशीवाले पळवून लावले आणि निदान तिसरा टिकावा म्हणून तुम्ही ही युक्ती केलीत, हे आमच्या घरात कळलेलं आहे. माझा राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर पहिला पळाला तेव्हाच पाठवलं असतं. ते चार दिवस संपून ऋतू बदलला, एवढंच आपलं सांगतो.

नाना मजेत आहेत. इतके मजेत आहेत की पत्र लिहायची वेळ आली. तुम्हाला माझा जॅझचा नाद ठाऊक आहे (एकदा माझ्याकडे दहा मिनिटं बसून, यांची तालीम संपून कार्यक्रम कधी सुरू होणार, असं तुम्ही विचारलं होतंत). आमचं एक मंडळ आहे. दर रविवारी दुपारी आमच्या दंतवैद्यांच्या बंद दवाखान्यात जमायचं, कारण चांगले स्पीकर त्यांच्याकडेच आहेत. एकाने आठवडाभर ऐकलेली रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, म्हणजे कव्हर बघून कुणाला अक्कल पाजळता येत नाही. एक बाजू वाजेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग प्रत्येकाने मत द्यायचं आणि रेकॉर्ड उलटायची की नाही ते ठरवायचं. वर्षाअखेरीस एक अल्बम निवडला जातो, आणि तो आणणाऱ्याला पुढचं वर्षभर दंतवैद्यांच्या खुर्चीत पडून ऐकायचा मान मिळतो. हो, तीच दाढा उपटायची खुर्ची. स्पीकर बाहेरच्या खोलीत आहेत, पण मधलं दार उघडलं की आवाज असा नेमका त्या खुर्चीत येऊन पडतो की जॅझ त्या खुर्चीसाठीच वाजवला असावा असं वाटतं. मी मंडळात आल्यापासून बाकावर आहे. तीन वर्षं ती खुर्ची बेकरीवाल्यांनी अडवली होती. यंदा मात्र माझ्याकडे एक चौकडी होती: ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम. कितीतरी दुकानं पालथी घालून मिळवलेली. साडूभाऊ, चष्मे विकून विकून माणसाला आयुष्यात दुसरं काय हवं असतं?

आता घरात सासरे, आणि रविवारी मी बाहेर. बायको म्हणाली, नानांनाही घेऊन जा. नेलं. नानांना कानातलं यंत्र लावून संगीत सोसत नाही, म्हणून त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि खिडकीपाशी बसले. त्या दिवशी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी एक त्रिकूट आणलं होतं: पियानो, ड्रम आणि खाली खर्ज धरणारा बास. बाजू संपली. सगळ्यांनी मतं दिली. शेवटी पाहुणे म्हणून सगळे नानांकडे बघू लागले. नाना खिडकीबाहेर बघतच म्हणाले:

"डावीकडचा नेटका आहे. मधला घाई करतोय. तिसरा नुसता शिडी धरून उभा आहे, पण तो हलला तर दोघंही खाली येतील."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती (नानांना सोडून). मग विमा कंपनीतल्या बाई हळूच म्हणाल्या की आपण इतकी वर्षं बास ऐकतो, पण बासवाल्याला कुणी इतकं ओळखलं नव्हतं. बेकरीवाल्यांनी डोळे टिपले. आणि तुमचा हा मूर्ख साडू उठला आणि शिडी या कल्पनेवर पाव तास बोलला. फार चांगलं बोललो. दंतवैद्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून, दात घासायच्या सूचनांच्या शेजारी भिंतीवर लावलं. आता दाढदुखीचे पेशंट ते वाचतात आणि आणखी घाबरतात.

घरी येताना नानांनी यंत्र कानात घातलं आणि मला विचारलं की समोरच्या इमारतीला रंग देणारे ते तिघे रंगारी बघायला तुम्ही सगळे रविवारी जमता, तर मग सोबत रेडिओ कशाला लावता. मी फुटपाथवरच बसलो. ज्या माणसाने बांधकाम खात्यात जन्मभर दुसऱ्यांच्या कामाकडे बघत उभं राहण्याचा पगार घेतला, तो खिडकीपाशी बसून दुसरं काय करणार होता?

खरं सांगून टाकायचं, असं तुम्ही म्हणाल. पण मग माझ्या त्या पाव तासाचं काय करू? शिवाय मास्तर आता नानांना घ्यायला गाडी घेऊन येतात (शिकाऊ माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊन, पण येतात). मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

पुढच्या रविवारी माझी पाळी होती. आम्ही पोचलो तर बेकरीवाल्यांनी खुर्ची सोडलेली. नानांना आग्रहाने तीत झोपवलं, पायाखाली उशी दिली. तिथून रंगारी दिसत नाहीत, फक्त छतावरचा दिवा दिसतो. मी माझ्या चौकडीची पहिली बाजू लावली; खरी दुसरी, ती शेवटाला राखून ठेवली होती. बाजू संपली तेव्हा कुणी मत देईना, सगळे आधी खुर्चीकडे बघत राहिले. नाना दिव्याकडे बघत म्हणाले, "आज काहीच नाही." झालं. विमावाल्या बाईंनाही मग ट्रम्पेट पोकळ वाटू लागला. रेकॉर्ड उलटलीसुद्धा नाही. जी बाजू ऐकवायला मी वर्षभर थांबलो ती कुणी ऐकलीच नाही, आणि मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. मला फार वाईट वाटलं, साडूभाऊ. हसू नका.

तेव्हापासून नाना त्या खुर्चीत झोपतात, आणि उठून जे काही बोलतात ते लिहून घेतलं जातं. बाकी इकडे सर्व क्षेम. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
धाकटा साडू

ता. क. पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी होतं. पण लिहिता लिहिता सुचलं म्हणून सांगतो: वर्षाची निवड या महिनाअखेरीस आहे. त्याआधी नानांना परत बोलावून घ्याल का? ते गेले की मी माझी चौकडी पुन्हा लावीन. बाथरूमच्या फरशा उखडा, भिंत पाडा, काहीही करा, पण त्यांना बघायला काहीतरी काम काढा. मजुरांची निम्मी मजुरी मी देईन.

ता. क. दुसरा. हे ताईंना कळू देऊ नका. ताईंना कळलं की पुढच्या क्षणी माझ्या बायकोला कळतं, आणि वडिलांना घराबाहेर काढल्याचं पाप माझ्या माथी येतं. हा विचार तुमचाच, असं दाखवा. तुमचा स्वभाव बघता कुणालाही शंका येणार नाही.

ता. क. तिसरा. पत्र नानांच्याच हाती पेटीत टाकायला देतो आहे. ते रोज तिकडून फिरून येतात, आणि दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांपैकी ते नाहीत.

*

थोरले जावईबापूंस आशीर्वाद.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. काम नीट झालंय की नाही ते बघायची सवय, म्हणून बघितलं. मी येणार नाही. तुमचा तिसरा फरशीवालाही कोपरे चुकवणारच, ते मला बघवणार नाही. इथली खुर्ची पाठीला उत्तम आहे.

धाकट्यांचा एक गैरसमज आहे. मला खुर्चीत झोपवलं त्या रविवारी बघायला काही नव्हतं, म्हणून मी यंत्र कानात घालून त्यांची रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. खरंच त्यात काही नव्हतं. पण ते आपल्या चष्म्यांच्या दुकानात गेल्यावर मुलीला सांगून उलटी बाजू लावून घेतली. ती ऐकून यंत्र काढायचं राहून गेलं आणि मी दुपारभर तसाच बसलो. इतकी वर्षं या माणसाला मी चष्मेवाला समजत होतो. भलती बाजू आधी लावली, एवढीच त्यांची चूक.

रविवारी ती दुसरी बाजू लावायला मी सांगणार आहे. माझं तिथे ऐकतात. निवड त्यांचीच होईल, हे त्यांना आत्ताच कळवू नका.

खुर्ची मात्र मी सोडणार नाही.

नाना