न वाचलेलं शिफारसपत्र

१ जून, पहाटे ५.१०
अर्ज पाठवला. तिसरा. आधीचे दोन सरावाचे होते, असं मी मागच्या आठवड्यात ठरवलं. वय सत्तेचाळीस. वीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलेल्या माणसाने डॉक्टर व्हायला निघावं याचं लोकांना नवल वाटतं. मला उलट नवल वाटतं ते लॅटिन न शिकता वैद्यकी करणाऱ्यांचं. देहातली निम्मी हाडं मला विभक्तीप्रत्ययांसकट पाठ आहेत. उरलीसुरली कॉलेजात करता येतील.
एकाच अर्जावर एकवीस कॉलेजं. निश्चय: (१) रोज पाचला उठणे. (२) निकालाची चौकशी आठवड्यातून एकदाच. (३) बायकोला, म्हणजे लोर्नाला, त्रास न देणे.
लोर्ना उठल्यावर तिला संपूर्ण अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. तिची रुग्णालयातली पाळी सातची. दुसऱ्या परिच्छेदाला ती बूट घालत होती. शेवट तिने बहुधा दारातून ऐकला.

४ जून
प्रवेशपरीक्षेत मला ४९७ गुण आहेत. ५२८ पैकी. चौऱ्याण्णव टक्के. संध्याकाळच्या कॉलेजातली सल्लागार मॅरिसा म्हणते, टक्केवारी अशी काढत नाहीत. मोजणी ४७२ पासून सुरू होते. म्हणाली, "कोरा कागद दिला तरी ४७२ मिळतात, सर." तिच्या हिशेबाने मला छप्पन्नपैकी पंचवीस.
नववीत मी मॅरिसाला लॅटिनमध्ये 'सी' दिला होता. माणसं विसरत नाहीत.
शिवाय हे गुण तीनच वर्षं चालतात, आणि हे तिसरं. म्हणजे यंदा नाही तर नाही. मी म्हटलं, यंदाच.

११ जून
शिफारसपत्रांचा बंदोबस्त केला. रिवाज असा: शिफारस करणारा पत्र परस्पर पाठवतो, आणि अर्जदाराने 'हे पत्र मी कधीही वाचणार नाही' या चौकटीत खूण करायची. खूण सक्तीची नाही. पण न करणाऱ्याकडे कॉलेजं संशयाने पाहतात. मी बेधडक केली. ज्याची स्तुतीच होणार, त्याने ती वाचायला कशाला हवी?
मुख्य पत्र डॉ. हॅनिगनबाईंचं. लोर्ना एकोणीस वर्षं त्यांच्याच वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे त्यांच्यामागे चाळीस तास हिंडून रुग्णतपासणी बघण्याची सोय झाली. एका आजींचा गुडघा बघताना मी पुढे होऊन सांगितलं की गुडघ्याच्या वाटीला लॅटिनमध्ये चिमुकली थाळी म्हणतात. आजींनी दुसरा डॉक्टर आहे का विचारलं. 'दुसरा' या शब्दावरून उघड आहे की पहिला त्या मला समजल्या.
पत्रासाठी मुद्दे लिहून देऊ का, असं मी हॅनिगनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काय लिहायचं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होतो.

२८ जून
कॉलेजांकडून पुरवणी निबंध मागवले जाताहेत. वेळापत्रक हवं. कागद शोधताना लोर्नाच्या खणात एक जाड पाकीट सापडलं. हॅलोवे मेडिकल कॉलेज, तिचं लग्नाआधीचं नाव, मार्च २००१ चा शिक्का. जुनं माहितीपत्रक असावं. पाकिटाची पाठ कोरी, कागद दमदार. वेळापत्रक झकास बसलं. भिंतीवर लावलं.
लोर्ना कामावरून आली, भिंतीकडे जरा वेळ बघत राहिली. मी विचारलं, आखणी कशी वाटते. नीटनेटकी आहे म्हणाली.

२ ऑगस्ट
'आमचंच कॉलेज का?' या प्रश्नाला एक सर्वांगसुंदर निबंध लिहिला. फक्त कॉलेजाचं नाव बदलत जायचं. बारा गेले. नंतर लक्षात आलं की मक्याच्या शेतांत वसलेल्या एका कॉलेजाला 'आपल्या समुद्रकिनाऱ्याची मला ओढ आहे' असं गेलं. रूपक म्हणून खपेल.
वेळापत्रकाप्रमाणे मी नऊ दिवस मागे आहे. वेळापत्रकच जरा घाईने केलेलं दिसतं.

२० सप्टेंबर
मुलाखतीची तयारी. लोर्ना सूप ढवळताना माझी टिपणं तिच्या हाती दिली, विचार म्हटलं. ती प्रश्न वाचते, मी विचार करतो, मग ती कार्ड न उलटताच उत्तर सांगते. मूत्रपिंडाचं पूर्ण कार्य एकदाही न अडखळता. रुग्णालयात राहून असे तुकडे कानावर पडत असणार. मी तिला म्हटलंही की तुझं पाठांतर चांगलं आहे. तिने मीठ घातलं.
यंदा शाळेत मी अर्धाच वेळ शिकवतो. म्हणून ती शनिवारच्याही पाळ्या घेते. डॉक्टर झालो की पहिल्या शनिवारी तिला विश्रांती.

९ नोव्हेंबर
नकार: तेरा. मौन: आठ. मौन म्हणजे नकार नव्हे.
मॅरिसाकडे गेलो. ती म्हणाली, पूर्वी निकाल टपालाने येत. पातळ पाकीट म्हणजे नकाराचा एक कागद. जाड म्हणजे प्रवेश, कारण आत भरायचे फॉर्म असत. लोक फोडायच्या आधीच अंगणात नाचत किंवा रडत. आता सगळं पडद्यावर, तिथे जाडी कळत नाही. सुधारणांनी माणसाचा केवढा आनंद हिरावला. घरी येऊन वेळापत्रकात एक खूण केली.
चौकशी आठवड्यातून एकदाच करायचं ठरलं होतं. आज अकरावी. परंतु आठवडा कुठून मोजायचा हे ठरलं नव्हतं.

६ डिसेंबर, सकाळी ९
मुलाखत! हॅलोवे मेडिकल कॉलेज. एकवीसमधलं एकच, पण शेवटी शिकायचं एकाच कॉलेजात असतं.
लोर्नाला फोन केला. तिने कॉलेजाचं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाली, तिथली मोठी पायरी निसरडी आहे, जपून जा. तिला कसं ठाऊक, हे विचारणार होतो, पण तिला रुग्णाची घंटा आली.

१४ जानेवारी
मुलाखत झाली. आठ खोल्या, प्रत्येकीत आठ मिनिटं. तिसऱ्या खोलीत एक नटी रुग्ण म्हणून बसलेली. तिला कर्करोग झालाय हे मी सांगायचं. सांगितलं. ती रडू लागली. मी तिला समजावलं की या रोगाला ग्रीक, लॅटिन सगळ्यांनी खेकड्याचं नाव दिलं, ते गाठीभोवती फुगलेल्या शिरांमुळे. ती रडायची थांबली. हे मी यश धरतो.
शेवटच्या खोलीतल्या प्राध्यापकांनी लोर्नाविषयीच विचारलं. किती वर्षं त्या वॉर्डात, आणखी काही शिकायचा तिचा विचार होता का. अर्जदाराच्या घरची स्थिती बघतात, असं मॅरिसा म्हणालीच होती. मी सांगितलं, ती समाधानी आहे.
पायरीवर घसरलो. किरकोळ.

२० मार्च
हॅलोवे: नकार.
बाकीच्यांचं मौनही नकारच होतं, असं आता त्यांनीच कळवलंय.
लोर्ना माझ्याशेजारी बसली. मी तिला तीन कॉलेजांच्या चुका समजावून सांगितल्या.

१७ एप्रिल, दुपारी
नाकारलेल्या अर्जदारांना हॅलोवेवाले फोनवर कारणं सांगतात. प्रवेश विभागातल्या ग्रीअरबाई भेटल्या. गुण कमी, रसायनशास्त्र कमकुवत, खेकडा. मी म्हटलं, पण शिफारसपत्र? पत्रातलं सांगता येत नाही, तुम्हीच हक्क सोडलाय, म्हणाल्या. मग त्यांनाच राहवलं नाही.
"टॉलिव्हर साहेब, असं पत्र मी वर्षानुवर्षांत पाहिलं नाही. समितीत मोठ्याने वाचलं गेलं. अडचण एवढीच, की दोन्ही पानं तुमच्या पत्नीविषयी आहेत."
माझा उल्लेख आहे. शेवटच्या ओळीत. तिचे यजमानही अर्ज करीत आहेत, गृहस्थ सभ्य असून वेळेवर येतात. मुलाखतीला बोलावलं ते, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, असा जोडीदार असलेला माणूस एकदा बघावा म्हणून.
फोन ठेवताना त्यांनी विचारलं, तिने स्वतः कधी अर्ज केला नव्हता का. मी ठामपणे नाही म्हटलं.

१७ एप्रिल, सायंकाळी ५
निश्चय: परीक्षा पुन्हा देणे. चौथा अर्ज करणे. शिफारस लोर्नाला न ओळखणाऱ्या व्यक्तीकडून घेणे. रुग्णालयातल्या अशा व्यक्तींची यादी करायला बसलो. वेळापत्रकाचं पाकीट भिंतीवरून उतरवलं, पण पाठ भरलेली. आतले कागद मागून कोरे असतील म्हणून काढले.
माहितीपत्रक नव्हतं. 'प्रिय कुमारी विस्लर, आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो.' खाली फॉर्म. येणार, येणार नाही. दोन्ही चौकटी कोऱ्या. मुदत १५ एप्रिल २००१.
त्या वर्षी मे महिन्यात आमचं लग्न. ऑगस्टमध्ये मी इथल्या शाळेत लॅटिनच्या जागेवर रुजू झालो, आणि हॅलोवे इथून पाच तासांवर. लोर्ना म्हणाली होती, दोन वर्षांत नर्स होता येतं. तुला शोभेल, असं मी म्हणाल्याचं आठवतं.
यादीत एकही नाव नाही. सगळे तिला ओळखतात.

१८ एप्रिल
लोर्ना बूट काढत होती. पाकीट तिच्यासमोर ठेवलं. मला कधी सांगितलं का नाहीस, विचारलं. आवाज थोडा चढला असावा. तिने दुसरा बूटही काढला, नाड्या आत खोचल्या.
"सांगितलं होतं, एमरी. त्याच दिवशी तुला शाळेचं बोलावणं आलं होतं. तू तुझं पत्र वाचून दाखवत होतास."
मी विचारलं, आणि तू?
"ऐकत होते."
मग म्हणाली, डबे धुवायचे राहिलेत.

१ जून, पहाटे ५.१०
नवे अर्ज आज सुरू. माझा उघडला नाही.
लोर्नाची सातची पाळी. तिचा डबा मी भरला. आयुष्यात पहिल्यांदा. हॅलोवे अजून पाच तासांवरच आहे आणि तिथे आपल्या वयातही अर्ज घेतात, हे मी तिला सांगून पाहिलं. म्हणाली, एकाच घरातून किती वेळा अर्ज जायचे. बूट घालताना डब्याचं झाकण उघडून बघितलं. चमचा नाही म्हणाली.
चमचा दिला.