पेटीवाल्या बाईंची गैरहजेरी

४ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा सा. सलाम. वि. वि.

इथल्या मंडळीबद्दल विचारतेस, काय सांगू! आठवडाभर खपून उपदेश लिहावा, तर तासाभरातच यांची चुळबुळ सुरू. शिंपीकाका पहिल्या वचनाला मान टाकतात, ती शेवटच्या ‘आमेन’लाच उचलतात. तेही सगळ्यांत मोठ्याने. पाळकाने बोलावं, मंडळीने ऐकावं, एवढी सोपी वाटणी! तीही जमेना. म्हणून मी चर्चवर कर्णा बसवून घेतलाय. आता झोपा म्हणावं!

गाण्याचीही बोंब. पेटी वाजवणाऱ्या बाई सलग पाच रविवार गायब. निरोप नाही, चिठ्ठी नाही. येत्या रविवारी त्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवून ‘हयगय’ याच विषयावर बोलणार आहे. मुद्दे चौदा झालेत.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

७ जुलै

चि. पाळकबुवास,
अ. आ.

चौदा मुद्दे वाचूनच माझी पाठ धरली. अरे, आमच्या वॉर्डात खाट रिकामी दिसली, तर आम्ही नर्सबाया आधी माणूस शोधतो. खाटेला भाषण देत नाही. बाईंच्या घरी एकदा तरी गेलास का? पाच रविवार म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. उपदेशाची केलीस तर चालेल.
तुझीच,
ताई

२२ जुलै

ती. ताईस,
सा. सलाम.

तुझं पत्र ११ तारखेला, सोमवारी मिळालं. चौदा मुद्दे आदल्या दिवशी, रविवारीच बोलून झाले होते.

तसाच उठून बाईंकडे गेलो. पायरीवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलंय. घर चर्चच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे कर्ण्याच्या कृपेने सगळा उपदेश त्यांनी खाटेवर पडून ऐकला होता. मला पाहून म्हणाल्या, की नववा आणि बारावा मुद्दा एकच होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, आधी पाणी द्या, घसा सुकलाय.

शेजारीण सोडली तर कोणी फिरकलं नव्हतं. शिंपीकाकांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं, की पाळकसाहेब जातच असतील. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. ताई, लोक ढसाढसा रडले! असा उपदेश उभ्या जन्मात ऐकला नाही म्हणाले. आज शुक्रवार. बाईंकडे अजून एकही गेलेला नाही.

काय करू, ते कळव.
तुझा,
धाकटा

२६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

रडणारे नातेवाईक आमच्याकडेही ढिगाने येतात. कूस बदलायला हात लावणारा एखादाच. लोकांना रडवायचं तुला छान साधलंय, आता त्यांना चालव. आणि तू पुढे हो, मागून हाकत बसू नकोस.

रागावले नाही, असं समजू नकोस.
तुझी,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. सलाम.

रविवारी उपदेश केलाच नाही. वचन वाचलं, प्रार्थना केली आणि म्हटलं, चपला घाला, बाईंकडे जाऊ. निम्मे वाटेतच पांगले. कोणाचं दूध उतू जात होतं, कोणाचे पाहुणे यायचे होते. अकरा जण पोचलो. बाईंनी पडल्या पडल्या कामं वाटली. शिंपीकाकांनी त्यांचा झगा एका बाजूने उसवून बंद लावून दिले, म्हणजे पाय न हलवता घालता येईल. माझ्या वाट्याला भांडी आली. दोनदा घासायला लावली.

निघताना त्यांनी हाक मारली. वाटलं, आता क्षमा मिळणार. तर म्हणाल्या, क्षमेचं सावकाश बघू, उद्यापासून कोण येणार ते सांगून जा. शिंपीकाका माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. बाई म्हणाल्या, की बघा, बघा, मला कुठे जायचंय!

मग काकांनी सोमवार घेतला, मी मंगळवार. उरलेले वारही कण्हत-कुंथत वाटले गेले.

पत्र इथेच आवरतो. आज मंगळवार आहे.
तुझा,
धाकटा